कागद खरा ठरला, पण मजकुराचं काय? सरकारी आणि छापील कागदांबद्दल न्यायालय नेमकं काय गृहीत धरतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा तुम्ही २०२२ साली दाखल केला. चुलत भाऊ म्हणतो, वाटप १९७९ सालीच झालं. त्याने नोंदणी न झालेलं एक वाटणीपत्र हजर केलंय आणि फेरफाराकडे, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या महसुली नोंदीकडे, बोट दाखवलंय. तुमच्याकडे सातबारा आहेत, जुने फेरफार आहेत, चुलत्यांनी १९८४ मध्ये विकलेल्या तुकड्याच्या खरेदीखताची झेरॉक्स आहे. शिवाय १९९१ चं वर्तमानपत्राचं कात्रण, आत्याच्या नावबदलाचं राजपत्र, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन नकाशे. वकील म्हणतात, यातले निम्मे कागद साक्षीदारांशिवाय टिकणार नाहीत. तुम्ही विचारता, सगळं सरकारी नाहीतर छापील आहे, मग कोर्टाने ते खरं मानायला अडचण काय?

वकिलांचं बरोबर आहे. कायदा काही कागदांना सवलत देतो आणि ती नावापुरती नाही. तिच्यामुळेच प्रत्येक दाव्यात तलाठ्यापासून मुद्रकापर्यंत सगळ्यांना पिंजऱ्यात उभं करावं लागत नाही. पण सवलत किती आणि कशापुरती, हे कागदागणिक बदलतं. मी कागद हातात घेतला की आधी एवढंच बघतो: लिहिणाऱ्याला ही गोष्ट स्वतःच्या कामातून ठाऊक होती, की कुणी सांगितलं ते त्याने उतरवून घेतलं? गृहीतक कुठवर पोचणार ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.

कोणता कायदा लागू, हे आधी सांगतो, कारण नव्या-जुन्या कलमांचा घोळ हल्ली रोज बघतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून अमलात आला. पण त्याचंच कलम १७० सांगतं की त्या दिवशी प्रलंबित असलेली प्रकरणं जुन्या, म्हणजे १८७२ च्या पुरावा कायद्यानेच चालतील. तुमचा दावा २०२२ चा, म्हणून तुम्हाला जुनी कलमं. खाली जुनं कलम आधी आणि नवं नंतर देतो. आशय फारसा बदललेला नाही.

जुन्या कायद्याच्या कलम ४ मध्ये तीन पायऱ्या आहेत. ‘गृहीत धरता येईल’ असं कलम म्हणत असेल, तर न्यायाधीशांची मर्जी: धरतील किंवा पुरावा आणा म्हणतील. ‘गृहीत धरील’ म्हटलं असेल तर मर्जीचा प्रश्न नाही, धरावंच लागतं; पण समोरच्याला ते खोडून काढायची मुभा असते. तिसरी पायरी निर्णायक शाबितीची, तिथे उलट पुरावाच घेत नाहीत. तुमच्या यादीतला एकही कागद तिसऱ्या पायरीवर बसत नाही. लोक सरकारी शिक्का बघून आपला कागद मनातल्या मनात तिथे नेऊन ठेवतात आणि मग उलटतपासात गडबडतात.

आता नकला. सातबारा, फेरफार, जन्मनोंद हे सार्वजनिक दस्तऐवज. त्यांची मूळ वही न्यायालयात आणावी लागत नाही, कलम ७६ ते ७९ (नवीन ७५ ते ७८) प्रमाणे प्रमाणित नक्कल पुरते. सर्वोच्च न्यायालयाने मदमंची रामाप्पा प्रकरणात १९६३ सालीच सांगितलंय की सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित नक्कल शाबीत करायला वेगळा साक्षीदार लागत नाही. कलम ७९ तर आणखी पुढे जातं: सही करणारा अधिकारी त्या वेळी खरोखर त्या पदावर होता, हेही न्यायालय गृहीत धरतं.

पण अट आहे, नक्कल कायद्याने सांगितलेल्या नमुन्यात हवी. तुमच्या नकला एकदा उलट्या करून बघा. ‘खरी नक्कल’ असा शेरा आहे का? त्याखाली तारीख, सही, सही करणाऱ्याचं नाव आणि पदनाम आहे का? शिक्का असतोच, बाकीचं गळतं. एका अपिलात शिक्का ठसठशीत आणि सहीही झोकदार होती, फक्त नाव आणि तारीख नव्हती. समोरच्या वकिलांनी तेवढाच मुद्दा धरला आणि नवी नक्कल आणण्यासाठी पुढची तारीख पडली. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या प्रतींचंही असंच. त्या कायद्यात प्रमाणित प्रती मिळण्याचा हक्क आहे, पण कार्यालयाच्या फायलीत तुमच्या चुलत भावाने लावलेला खासगी करारनामा, फायलीतून बाहेर आला म्हणून सार्वजनिक दस्तऐवज होत नाही. तो त्या फायलीत होता, एवढंच त्यातून कळतं.

मोबाइलवर काढलेला सातबारा तुम्ही छापून जोडलाय. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा माहितीपुरता असतो. तो काढून टाका आणि डिजिटल स्वाक्षरीचा, पडताळणी क्रमांक असलेला उतारा घ्या किंवा सरळ तलाठी कार्यालयातून सही-शिक्क्याची नक्कल आणा. यात वाद ओढवून घेण्यासारखं काही नाही.

फेरफारावर मात्र थांबायला हवं, कारण तुमच्या दाव्याचा कणा तोच आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ म्हणतं की अधिकार अभिलेखातली नोंद आणि फेरफार नोंदवहीतली प्रमाणित नोंद, उलट शाबीत होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीरपणे नवी नोंद येईपर्यंत खरी मानली जाईल. पुरावा कायद्यातली बरीचशी गृहीतकं कागदाच्या खरेपणापाशी थांबतात. हे कलम मजकुरापर्यंत जातं. तुमच्या चुलत भावाच्या वकिलांना हे पाठ असणार. म्हणून नोंद कशी वाचायची ते सांगतो.

गाव नमुना सहाची, म्हणजे फेरफार नोंदवहीची, नक्कल समोर ठेवा. पहिल्या रकान्यात नोंदीचा क्रमांक, दुसऱ्यात मिळालेल्या हक्काचं स्वरूप, तिसऱ्यात कोणत्या भूमापन क्रमांकांवर परिणाम झाला ते, आणि शेवटी तपासणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरी आणि शेरा. लोक दुसरा रकाना वाचतात आणि थांबतात. तुम्ही शेवटून सुरू करा. तिथे ‘प्रमाणित’ असा शेरा आहे का? कलम १५७ चे शब्द ‘प्रमाणित नोंद’ असे आहेत. शेरा नसेल, किंवा नोंद रद्द केलेली असेल, तर फेरफाराला ते गृहीतक मिळतच नाही. मग तो नुसता तलाठ्याने लिहून ठेवलेला मजकूर उरतो.

शेरा असेल तर दुसऱ्या रकान्यात जा. वाटपाची नोंद कशावरून घेतली? कलम ८५ खाली तहसीलदारांचा वाटपाचा आदेश होता, की ‘अमुक यांनी वर्दी (खबर) दिली की आपसांत वाटप झालं’ असं लिहिलंय? आदेश असेल तर नोंद वजनदार, कारण अधिकाऱ्याने वाटप स्वतः हाताळलेलं असतं. वर्दी असेल तर तलाठ्याला वाटपाबद्दल स्वतःचं ज्ञान शून्य. त्याने ऐकलं आणि लिहिलं. वर्दी कुणी दिली? फक्त चुलत्यांनी दिली असेल आणि तुमच्या आजीची, आत्याची, वडिलांची सही किंवा अंगठा कुठेच नसेल, तर गृहीतक खोडायचा रस्ता तिथून निघतो. कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना सूचना द्यायची असते आणि नोंदीची प्रत चावडीवर लावायची असते. त्या नोटिसांची फाइल मागवा. सरकारी काम रीतसर झालं असं पुरावा कायद्याच्या कलम ११४ च्या उदाहरण (ई) प्रमाणे (नवीन ११९) न्यायालयाला मानता येतं, पण ती पहिल्या पायरीची गोष्ट. नोटीस बजावल्याचा कागदच फाइलीत नसेल तर न्यायाधीश ते मानतीलच असं नाही.

आणि फेरफाराने मालकी मिळत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने इतक्यांदा सांगितलंय की आता कुणी निकालही दाखवत नाही. सवर्णी विरुद्ध इंदर कौर, १९९६. महसुली नोंद शेतसारा कुणी भरायचा यासाठी असते. १५७ चं गृहीतक नोंदीतल्या वस्तुस्थितीबद्दल. हक्क कुणाचा ते दिवाणी न्यायालय ठरवतं.

याच अनुषंगाने, हस्तलिखित सातबाऱ्यात तुमच्या आजोबांचं क्षेत्र जास्त आणि संगणकीकृत उताऱ्यात कमी दिसतंय, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ही बाब जाता जाता लिहायची नाही! दोन्ही उतारे सरकारी, दोन्हींना १५७ लागू. अशा वेळी मी दोन उताऱ्यांच्या मधला फेरफार शोधतो. क्षेत्र बदलायला कारण असलेला प्रमाणित फेरफार किंवा कलम १५५ खालचा दुरुस्तीचा आदेश सापडला, तर नवी नोंद टिकते. काहीच सापडलं नाही, तर नवी नोंद ‘कायदेशीरपणे’ जुन्याच्या जागी आली असं म्हणता येत नाही आणि जुन्या नोंदीचं गृहीतक जिवंत राहतं.

आता तुम्हाला न आवडणारा भाग. चुलत भावाने आणलेलं १९७९ चं वाटणीपत्र मूळ आहे आणि त्याला चाळीस वर्षं उलटून गेली आहेत. कलम ९० (नवीन ९२) इथे तुमच्या विरुद्ध उभं राहतं. तीस वर्षं जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल, तर सही ज्याची म्हणून दिसते त्याचीच आहे, अक्षर त्याचंच आहे, आणि कागद रीतसर निष्पादित (सही करून लिहून दिलेला) आणि साक्षांकित झाला आहे, असं न्यायालयाला गृहीत धरता येतं. साक्षीदार हयात नसतात म्हणून ही सोय.

पण कलम नीट वाचा, म्हणजे तिच्या कडा दिसतील. पहिली गोष्ट, ‘धरता येईल’. मर्जीची पायरी. कागदावर खाडाखोड असेल, शाई दोन प्रकारची असेल, चाळीस वर्षांत तो एकाही कामात वापरला गेला नसेल, तर हे सगळं लेखी मांडा आणि गृहीतक धरू नका अशी विनंती करा. दुसरी, योग्य ताबा. जिथे तो कागद असायला हवा, ज्याने सांभाळायला हवा, त्याच्याकडून आला पाहिजे. यावर फार आशा ठेवू नका. जमिनीचा वहिवाटदार आपल्या घरातून जमिनीचे जुने कागद काढतो, हा कायद्याच्या स्वतःच्या उदाहरणातलाच योग्य ताबा आहे. तिसरी, मूळ कागदच हवा. नकलेला हे गृहीतक मिळत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९३५ मध्ये बसंत सिंग प्रकरणात हे ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये हरिहर प्रसाद प्रकरणात तेच उचललं. तुमच्या चुलत भावाकडे मूळ आहे, त्यामुळे याचा उपयोग तुम्हाला नाही. पण उद्या तुमच्याच कागदाची झेरॉक्स पुढे करून तीस वर्षांचा हवाला देऊ नका.

चौथी कडा सगळ्यात महत्त्वाची. हे गृहीतक सही-अक्षरापुरतं आहे. कागदात लिहिलेली हकिकत खरी, असं त्यातून निघत नाही. गंगम्मा विरुद्ध शिवलिंगय्या (२००५) आणि भारत सरकार विरुद्ध इब्राहिम उद्दीन (२०१२) या दोन्ही निकालांत ते स्पष्ट आहे. म्हणजे ‘सर्वांना समान हिस्से मिळाले आणि ताबे घेतले’ हे वाक्य त्या कागदावर आहे, एवढंच धरलं जाईल. ताबे घेतले का, ते चुलत भावाला साक्षीने दाखवावं लागेल. आणि मृत्युपत्राला तर कलम ९० चा आधारच मिळत नाही. भरपूर सिंग (२००९) आणि आशुतोष सामंत (२०२३) पाहा. गावाकडे कुणी जुनं मृत्युपत्र काढून ‘तीस वर्षं झाली’ म्हणालं तर गोंधळू नका.

शिवाय वय वाढल्याने कागदाचे बाकीचे दोष धुऊन जात नाहीत. मुद्रांक कमी असेल तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ ची आडकाठी कायम राहते. नोंदणीचंही तसंच: वाटप त्याच कागदाने झालं असेल तर नोंदणी लागते, आधी तोंडी झालेल्या वाटपाची ती नुसती याद असेल तर लागत नाही. काले विरुद्ध उपसंचालक चकबंदी हा १९७६ चा निकाल यावरचा नेहमीचा. वाटणीपत्रातली क्रियापदं बघा. ‘आज रोजी वाटून घेत आहोत’ आणि ‘पूर्वी वाटून घेतले त्याची याद’ यांत तुमचा निम्मा युक्तिवाद आहे. कागद मोडीत असेल तर आणखी एक: गृहीतक मोडीतल्या मूळ कागदाला आहे. देवनागरी लिप्यंतर बरोबर आहे की नाही, ते जाणकाराने येऊन सांगावं लागतं आणि त्याचा उलटतपास घेता येतो.

वडील १९७९ मध्ये सोळा वर्षांचे होते, म्हणून त्यांची सही निरुपयोगी, हा तुमचा मुद्दा चांगला आहे. पण तो शाळेच्या दाखल्यावर टांगू नका. शाळेचं जनरल रजिस्टर कलम ३५ (नवीन २९) खाली येऊ शकतं, दाखला खरा हेही सहज ठरेल. मात्र मुख्याध्यापकांना जन्मतारीख कुठून कळली? बिराद मल सिंघवी प्रकरणात (१९८८) सर्वोच्च न्यायालयाने हेच विचारलं: ही तारीख कुणी सांगितली, कशाच्या आधारावर लिहिली, हे पुराव्यात आल्याशिवाय रजिस्टरमधल्या तारखेला वजन नाही. आजोबांनी दाखल्याच्या वेळी अंदाजे तारीख सांगायची, हे त्या पिढीत इतकं सर्रास होतं की निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला! तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना चौदा, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, लोक जिला कोतवाल पुस्तक म्हणतात, ती १९६३ ची आहे का बघा. ती नोंद जन्माच्या सुमारास आणि कामाचा भाग म्हणून केलेली असते. शाळेच्या दाखल्यापेक्षा ती कितीतरी सरस. नावापुढे फक्त ‘अमुकचा मुलगा’ असतं, त्यामुळे तो मुलगा म्हणजे तुमचे वडील, हे सांगायला घरातलं कुणी वडीलधारं उभं करावं लागेल.

१९८४ चं खरेदीखत तुमच्या बाजूचा सगळ्यात बळकट कागद आहे आणि त्याची झेरॉक्स घेऊन तुम्ही बसलाय, याचं मला नवल वाटलं. दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत काढा. नोंदणी अधिनियमाच्या कलम ५७(५) प्रमाणे ती प्रत मूळ दस्तातल्या मजकुराच्या शाबितीसाठी चालते. अप्पैया विरुद्ध अंडीमुथु या २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सांगितलं. सूची दोनचा, म्हणजे निबंधकाकडच्या दस्तांच्या सूचीचा, उतारा सोबत जोडा, पण फक्त त्यावर विसंबू नका.

प्रत हातात आली की शेवटच्या पानांवरचे नोंदणीचे शेरे वाचा. चुलते समक्ष हजर होते, त्यांनी दस्त लिहून दिल्याचं कबूल केलं, अमुक दोघांनी ओळख पटवली. हे सगळं निबंधकाच्या डोळ्यांसमोर घडलेलं असतं, म्हणून कलम ६०(२) सांगतं की शेऱ्यात लिहिलेल्या गोष्टी तशाच घडल्या याच्या शाबितीसाठी नोंदणीचं प्रमाणपत्र चालतं. नोंदणीकृत दस्त रीतसर निष्पादित झाला असं मानायचं, हे प्रेम सिंग विरुद्ध बीरबल (२००६) मध्येही आहे. आता दस्ताच्या आत ‘आमच्या समाईक मालकीच्या गटापैकी’ असं जे चुलत्यांनी लिहून दिलंय, ते निबंधकाला माहीत नव्हतं आणि नोंदणीमुळे ते खरं ठरत नाही. पण इथे तुम्हाला गृहीतकाची गरजच नाही. चुलत भाऊ ज्यांच्याकडून हक्क सांगतो, त्यांनीच वाटपानंतर पाच वर्षांनी जमीन समाईक म्हटली, ही त्यांची कबुली आहे आणि कबुली म्हणून ती पुरावा कायद्याच्या कलम १८ (नवीन १६) खाली वाचता येते. वकिलांना हा मुद्दा या वाटेने मांडायला सांगा.

वर्तमानपत्राचं कात्रण. कलम ८१ (नवीन ८०) प्रमाणे राजपत्र आणि वर्तमानपत्र खरं आहे असं न्यायालय ‘गृहीत धरील’. दुसरी पायरी, चांगली भक्कम. पण ते वर्तमानपत्र त्या तारखेचं, त्याच नावाचं, खरंखुरं आहे एवढ्यापुरती. त्यातली बातमी खरी असं नाही. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईतून जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांना हरवलं, त्यावरची निवडणूक याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिथे आचार्य अत्रे यांच्या ‘मराठा’त छापून आलेल्या मजकुरावर बरंच काही अवलंबून होतं. १९६९ च्या निकालात न्यायालय म्हणालं की बातमीदार माहिती गोळा करतो, संपादक ती कापतो-जोडतो, या प्रवासात सत्य वाकडं होऊ शकतं. म्हणून प्रत्यक्ष साक्षीदाराशिवाय नुसत्या बातमीला किंमत नाही. पुढे लक्ष्मीराज शेट्टी प्रकरणात (१९८८) कलम ८१ चं नाव घेऊनच तेच सांगितलं गेलं. तुमच्या कात्रणात ‘दोघा भावांच्या सामाईक शेतातील विहीर’ असं आहे. ज्या बातमीदाराने ते लिहिलं त्याने सातबारा बघितला होता का? नसणार. विहिरीच्या कार्यक्रमाला हजर असलेला गावकरी मिळाला तर त्याला बोलवा, आणि कात्रण त्याच्या साक्षीच्या जोडीला ठेवा. आणि कात्रण नको, पूर्ण अंक हवा. तारीख आणि मुद्रकाची ओळ नसलेला तुकडा वर्तमानपत्र म्हणून कसा ओळखायचा?

जाहीर नोटिशीचं थोडं वेगळं असतं. नोटीस अमुक दिवशी प्रसिद्ध झाली, हीच गोष्ट सिद्ध करायची असेल तर अंक पुरतो, कारण प्रसिद्धी हीच तिथे घटना आहे.

राजपत्राबद्दल दोन वाक्यं. आत्याने माहेरचं नाव बदलून अमुक नाव घेतल्याची जाहिरात त्या दिवशी राजपत्रात छापली गेली, हे न्यायालय मानेल. इलेक्ट्रॉनिक राजपत्र असेल तर कलम ८१अ (नवीन ८१) आहे. जाहिरातीतला मजकूर आत्याने दिलेला, सरकारने तपासलेला नाही. आत्या हयात आहेत तर त्यांनाच साक्षीला आणा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि कुणी जिल्हा गॅझेटिअर आणून ते ‘राजपत्र’ म्हणून दाखवत असेल तर तो निराळाच प्रकार आहे. गॅझेटिअर हा माहितीचा ग्रंथ. इतिहास, रूढी अशा सार्वजनिक बाबींत त्याचा आधार घेतात, अयोध्येच्या २०१९ च्या निकालातही त्याची चर्चा आहे, पण एखाद्या जमिनीची मालकी त्यातून ठरत नाही.

दोन नकाशांत कायद्याने स्वतःच रेघ ओढलीय. कलम ८३ (नवीन ८२): सरकारच्या अधिकाराने केलेला नकाशा तसाच केलेला आहे आणि अचूक आहे, असं न्यायालय गृहीत धरील, मात्र एखाद्या दाव्यासाठी केलेला नकाशा अचूक असल्याचं शाबीत करावं लागेल. गटाचा जुना नकाशा भूमी अभिलेखचा, वादाच्या आधीचा, कुणाच्याही सांगण्यावरून न केलेला. तो प्रमाणित नकलेने चालेल. दुसरा तुम्ही दावा लावण्यासाठी खासगी मोजणीदाराकडून करून घेतलाय, तेव्हा तो मोजणीदार पिंजऱ्यात यायला हवा, मोजणीच्या खुणा कुठून धरल्या ते सांगायला हवा. त्यापेक्षा न्यायालयामार्फत भूमी अभिलेखच्या अधिकाऱ्याची कोर्ट कमिशनर म्हणून नेमणूक मागा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम १० प्रमाणे त्यांचा अहवाल दाव्याच्या कामकाजाचा भाग होतो, आणि ज्याला हरकत आहे त्याला त्यांना प्रश्न विचारता येतात.

ध्वनिफितीबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय: चुलत भावाचं बोलणं मोबाइलमध्ये आहे आणि तक्रारीसोबत ते पोलीस ठाण्यात दिलंय, तर तिथून मिळालेली प्रत सरकारी होईल का? नाही. नाशिक जिल्ह्यातल्या तुकाराम दिघोळे विरुद्ध माणिकराव कोकाटे या निवडणूक प्रकरणात निवडणूक यंत्रणेकडून मिळालेली कॅसेट सार्वजनिक दस्तऐवज आहे असं म्हणून पुढे केली होती. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती कुठून आली, कशी मिळवली, याचा पुरावा नसेल तर सार्वजनिक दस्तऐवज म्हटल्यानेही ती वाचता येणार नाही. मूळ मोबाइल सांभाळा, त्यातलं काही पुसू नका. प्रत द्यायची असेल तर कलम ६५ब चं प्रमाणपत्र (नवीन ६३) जोडा. जालन्याच्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणानंतर (२०२०) त्यात पळवाट उरलेली नाही.

आता सरतपासाचं (तुमच्या स्वतःच्या साक्षीचं) प्रतिज्ञापत्र देण्याआधी एक काम करून घ्या. आदेश १२ नियम २ खाली चुलत भावाला कागद कबूल करण्याची नोटीस द्या. सात दिवसांत त्याने उत्तर द्यायचं असतं. उगाच नाकारलं तर शाबितीचा खर्च त्याच्यावर बसू शकतो. नकलांना आणि जुन्या नकाशाला तो बहुधा हरकत घेणार नाही, आणि कबूल केलेलं शाबीत करावं लागत नाही. वाटणीपत्राला मात्र तुमची हरकत त्याच क्षणी नोंदवली गेली पाहिजे, ते निशाणी म्हणून, म्हणजे पुराव्यातला क्रमांक पडून, दाखल होत असताना. शाबितीच्या पद्धतीवरची हरकत तेव्हा घेतली नाही तर नंतर ऐकत नाहीत, हे वेंकटाचल गौंडर प्रकरणापासून (२००३) पक्कं आहे. आणि कागदाला निशाणी क्रमांक पडला म्हणजे तो शाबीत झाला असंही नाही, १९७१ च्या सेट ताराजी निकालाने तेही सांगितलंय. वाटणीपत्राला क्रमांक पडला तरी घाबरून जाऊ नका. वडिलांच्या सहीबद्दलचे प्रश्न उलटतपासासाठी लिहून काढा आणि वकिलांना आधी नेऊन दाखवा.